एपिसोड : शॉर्ट आलं की कंडक्टरनं भरायचं



गेल्या रविवारी एपिसोड आला नाही, त्याबद्दल आधी सॉरी. बऱ्याच जणांनी मेसेज केले, काय झालं म्हणून. झालं असं, की घरात एक आठवडा असा गेला की माइकसमोर बसायची ताकदच नव्हती. आज तोच आठवडा सांगतो. अण्णांना विचारून सांगतोय. ते म्हणाले, "सांग की. कुणाचं तरी वाचंल."

आधी घर सांगतो. चिंचवडला टू बीएचके. मी, बायको, आई आणि अण्णा. अण्णा एसटीत कंडक्टर होते, तीस वर्षं, बहुतेक नोकरी कराड डेपोला. रिटायर झाले आणि दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे आले. ताई कराडलाच असते.

तर सोमवार. सोमवार एकदम भारी होता. माझं अप्रेझल झालं, मनासारखं झालं. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली, गुरुवारची. येताना मी काका हलवाईकडनं अंबा बर्फी आणली. अण्णांनी एक तुकडा घेतला आणि म्हणाले, "पोटात जरा जड वाटतंय." आत जाऊन झोपले. मी म्हटलं असेल, वय झालंय.

मंगळवारी अण्णा फिरायला गेले नाहीत. पेपर उघडला तो तसाच मांडीवर. आई म्हणाली, "ह्यांचं काहीतरी बिनसलंय रे." मी स्टँडअपमध्ये होतो. मान हलवली, म्यूट काढलं, कामाला लागलो.

बुधवारी हॉस्पिटलमध्ये ॲडव्हान्स भरायचा होता. आईच्या डोळ्याचा खर्च मीच करणार, हे अण्णांनी सहा महिने आधीच जाहीर केलं होतं. त्यासाठी वेगळे पैसे ठेवले होते. काउंटरवर मी म्हटलं, "अण्णा, कार्ड द्या." ते नुसते उभे. मग एकदम हळू म्हणाले, "तू भर आत्ता. खात्यात न्हाईत."

गाडीत बसल्यावर सगळं बाहेर आलं. सोमवारी दुपारी व्हॉट्सॲपवर मेसेज आला होता : मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला तुमची लाइट तोडण्यात येईल, खालच्या नंबरवर संपर्क करा. अण्णांनी फोन केला. समोरचा माणूस अगदी गोड बोलणारा. त्याने एक फाइल पाठवली, म्हणाला ॲप आहे, उघडा आणि फक्त दहा रुपये भरून बिल अपडेट करा. अण्णांनी कार्डाची माहिती भरली. ते ॲप म्हणजे एपीके फाइल, आणि त्याने इन्स्टॉल होताना एसएमएस वाचायची परवानगी मागितली होती. म्हणजे येणारा प्रत्येक ओटीपी परस्पर त्यांच्याकडे. अण्णांनी कुणालाही ओटीपी सांगितला नाही. सांगायची गरजच पडली नाही. पंचवीस हजार, परत पंचवीस, मग आठ. एकूण 58,000 रुपये.

आणि मी काय केलं? मी ओरडलो. पार्किंगमध्ये. "शंभर वेळा सांगितलंय अनोळखी काही उघडू नका म्हणून! आणि दोन दिवस गप्प बसलात? अक्कल गहाण टाकली होती का?"

हो, अण्णांना हे बोललो मी. आई मागच्या सीटवर होती. अण्णा एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी खिशातून फोन काढून डॅशबोर्डवर ठेवला. "हा घे. मला नको हा."

घरी येऊन 1930 ला फोन लावला. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे, आत्ता लगेच सेव्ह करा. तुम्ही तक्रार दिली की ती संबंधित बँकांकडे जाते, आणि पैसे जिथे पोचलेत त्या खात्यात अजून असतील तर ते तिथेच अडवता येतात. पण हे चोर पैसे एका खात्यात ठेवत नाहीत. तिथून दुसऱ्या, तिसऱ्या, आणि मग एटीएममधून बाहेर. म्हणून पहिले काही तास सगळ्यात महत्त्वाचे. आमचे दोन दिवस गेले होते. शेवटचे आठ हजार तेवढे होल्ड झाले. 

बँकेचंही सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकात म्हटलं होतं, की ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे गप्प बसलेला प्रत्येक तास आपल्याच खिशातून जातो.

गुरुवारी ऑपरेशन. आत नेलं आणि वीसेक मिनिटांत बाहेर. बारीक छेद देऊन आतली धूसर झालेली लेन्स काढतात आणि कृत्रिम बसवतात. बाहेर बाकड्यावर मी आणि अण्णा शेजारी शेजारी. मध्ये एका माणसाची जागा मोकळी. मी चहा आणला, त्यांनी घेतला. बोललो नाही.

शुक्रवारी सकाळी डोळ्याची पट्टी काढली. घरात शिरल्या शिरल्या आई म्हणाली, "अगं बाई, ह्या टाइल्स एवढ्या कळकट आहेत? आणि अहो, तुमचे केस एवढे पांढरे कधी झाले?" आठवड्यात पहिल्यांदा सगळे हसलो. अण्णासुद्धा.

संध्याकाळी अण्णा बाहेर जाऊन आले आणि टेबलावर पाकीट ठेवलं. एफडी मोडून आणली होती. पन्नास हजार. म्हणाले, "शॉर्ट आलं की कंडक्टरनं भरायचं असतं. तीस वर्षं वेबिल लिहिलं, रोज रात्री डेपोत पैसे मोजून दिले. कधी कमी पडलं तर पगारातनं भरलं, पण कुणाचं ऐकून घेतलं न्हाई."

कुणाचं ऐकून घेतलं नाही. आणि पोराचं ऐकावं लागलं, तेही पार्किंगमध्ये.

मला रात्रभर झोप नाही. दोन वर्षांपूर्वी मी ऑफिसात एक डिलीट क्वेरी चालवली होती, व्हेअर कंडिशन न लावता, थेट प्रॉडक्शनवर. चार तास सिस्टिम बंद. मला वाटलं नोकरी गेली. पण मॅनेजरने "कुणी केलं" हे विचारलंच नाही. विचारलं, "काय काय झालं ते क्रमाने लिही." आमच्याकडे प्रत्येक इन्सिडेंटनंतर असंच करतात, कुणावर बोट न दाखवता. परक्या माणसाने मला जे दिलं, ते मी माझ्या बापाला दिलं नव्हतं.

शनिवारी सकाळी वही घेऊन अण्णांजवळ बसलो. आधी माफी मागितली. मग माझी डिलीटची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "मग तुला काढला न्हाई?" म्हटलं, नाही. मग आम्ही लिहायला बसलो. त्यांनी वेबिलासारखे रकाने आखले : वेळ, काय झालं, का झालं.

2:50, मेसेज आला. "का विश्वास बसला?" मी विचारलं. अण्णा म्हणाले, "मागल्या महिन्याचं बिल तू खरंच भरलं नव्हतंस. मी दोनदा विचारलं, तू हो हो भरतो म्हणालास." मी ॲप उघडून बघितलं. खरं होतं.

मग कॉल लॉग उघडला. 3:07, माझ्या नावाने कॉल. कट. खाली माझा मेसेज : मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो.

अण्णांनी मला विचारायला फोन केला होता, मंडळी. फाइल उघडायच्या आधी. मी नंतर केलाच नाही.

ते एवढंच म्हणाले, "लिही. हे पण लिही." मी लिहिलं. पाकीट परत त्यांच्या हातात दिलं. ते घेईनात. शेवटी ठरलं, निम्मं शॉर्ट त्यांचं, निम्मं माझं.

रविवारी फोन रीसेट केला, अनोळखी ॲप इन्स्टॉल करायची सेटिंग बंद केली, कार्डाची ऑनलाइन मर्यादा कमी केली. आणि घरात एक नियम : अण्णांचा फोन दोनदा लागोपाठ आला तर मीटिंग कुणाचीही असो, उचलायचा. संध्याकाळी खाली सोसायटीच्या बाकावर अण्णा चार-पाच म्हाताऱ्यांना वही दाखवत होते. स्वतःची चूक, वेळेसकट. त्यातल्या एका काकांनी हळूच फोन काढला आणि म्हणाले, "मला पण असंच एक काहीतरी आलंय, जरा बघा."

तर मंडळी, असं काही घडलं तर आधी नेट बंद, दुसऱ्या फोनवरून 1930, मग बँकेत कळवून कार्ड ब्लॉक. ओरडायचं असेल तर नंतर ओरडा. खरं तर नंतरही नका ओरडू. लोक पैसे गेले म्हणून गप्प बसत नाहीत, आपण काय बोलू याची भीती असते म्हणून बसतात. आणि त्यात तास जातात.

एपिसोड संपला की घरी एक फोन करा. कट केलेला एखादा कॉल असेलच.

भेटू पुढच्या रविवारी. काळजी घ्या.