बॉयलरला सर्टिफिकेट, बुरुजाला काय?

चिमाजी अप्पांची वसई तुम्हा सगळ्यांना पाठ आहे, म्हणून 1739 पासून सुरुवात करत नाही. मी बोईसरचा. आमच्याकडे एमआयडीसी, 1969 पासूनचं अणुवीज केंद्र आणि तिथून जवळच तारापूर, शिरगाव, केळवे-माहीमचे किल्ले. विषय दिलाय ‘वारसा सांभाळणाऱ्यांचं प्रशिक्षण’. भारदस्त आहे, पण माझं डोकं एकाच गोष्टीने फिरतं.

आमच्या कारखान्यांत बॉयलर चालवायचा तर सरकारी परीक्षा पास व्हावी लागते. बॉयलरचा कायदा 1923 सालीच झाला. गेज ग्लास फुटली तर आधी काय बंद करशील, हे अटेंडंटला यावंच लागतं. आणि पडक्या तटाला, जुन्या देवळाला, बारवेला हात लावायला? थापी धरता आली की पुरे. बॉयलर फुटला तर माणसं मरतात, कबूल. पण म्हणून बुरुजाला कुणीही हात लावावा?

किनाऱ्यावरच्या भिंतीत ओल असतेच, आणि ती खारी. सांध्यात चुना असला की ओल त्यातून वाळून जाते. सिमेंट भरलं की वाट बंद. मग पाणी दगडातून बाहेर पडतं, मीठ आतच धरतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. दोन-चार पावसाळ्यांनी बघा, सांधा टणक उभा आणि दगड मागे खचलेला! चुना मुरवून, चाळून, मळून लोण्यासारखा झाला की नाही, हे जुना गवंडी थापीवर घेऊन सांगतो. ते पुस्तकात वाचून येत नाही.

(प्रश्न: युनेस्कोच्या यादीत तुमचा किल्ला?) नाही. जुलै 2025 मध्ये बारा गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि जिंजी. आमचे बरेचसे पोर्तुगीजांचे. पण निव्वळ किल्ल्यांवर जाऊ नका. आमच्याकडच्याच चिंचणीला ताम्रपट सापडले. त्यातल्या 926 सालच्या पटात संजाणचा कारभार राष्ट्रकूटांच्या वतीने एक अरब अधिकारी पाहतो. त्याचं नाव मधुमती, म्हणजे मुहम्मद, आणि तो मठाला दान देतोय. यावर वेगळं व्याख्यान ठेवा, मी येतो.

(प्रश्न: रविवारी पोरं झुडपं काढतात, ते चांगलंच ना?) गवत काढा, कचरा काढा. तटातला पिंपळ मात्र ओढायचा नाही. मुळाबरोबर चार दगड येतात.

शिकवणारे नाहीत असं नाही. पुण्यात डेक्कन कॉलेज आहे, ग्रेटर नोएडाला पुरातत्त्व सर्वेक्षणाची संस्था आहे. पण तिथे पदवीधर जातो, गवंडी नाही. गवंडी शिकायला बसला की त्याचा रोज बुडतो. आमच्याकडे तो सकाळी नाक्यावर उभा असतो. काम मिळालं तर जेवण.

(प्रश्न: मग आम्ही मदत म्हणून काय पाठवायचं?) फलक नको, संगमरवर तर नकोच. दहा गवंड्यांचा दोन महिन्यांचा रोज द्या, आणि चुना येणारा एक म्हातारा मिस्त्री शोधायला प्रवासखर्च. सराव कुठल्यातरी पडक्या कुंपणावर करू. पहिले दोन महिने किल्ल्याला कुणी हात लावायचा नाही.