मिडी फाइल आणि दोन सुरांमधली जागा

मिडी फाइलमध्ये आवाज नसतो. कोणती पट्टी कधी दाबली, किती जोराने दाबली आणि कधी सोडली, याची नोंद तिच्यात असते. आवाज येतो तो समोरच्या वाद्यातून किंवा संगणकातल्या आभासी वाद्यातून. तीन मिनिटांचे गाणे सीडीच्या दर्जाने मुद्रित केले तर ३० एमबीच्या आसपास जागा घेते. त्याची मिडी फाइल बहुधा काही केबींतच मावते.

 सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि रोलंडचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकारातून मिडी ही पद्धत आकाराला आली आणि जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ एकमेकांना जोडून वाजवले गेले. ही दोन्ही कीबोर्ड वाद्ये होती, आणि पुढच्या साऱ्या अडचणींचे मूळ तिथे आहे.

प्रत्येक पट्टीला ० ते १२७ मधला एक क्रमांक असतो. मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे ६०, काळी एक म्हणजे ६१. त्यामुळे पांढरी एकमध्ये वाजवलेले गाणे काळी चारमध्ये नेणे सोपे असते: सगळे क्रमांक ८ ने वाढवायचे. मात्र यात तालवाद्यांचा ट्रॅक वगळावा लागतो. जनरल मिडीच्या संकेतानुसार १० व्या चॅनलवर क्रमांक म्हणजे सूर नव्हे, वाद्य. तिथे ३६ म्हणजे बास ड्रम. त्यात ८ मिळवले की ४४, म्हणजे पायाने मिटलेली हाय-हॅट. संपूर्ण गाणे निवडून पट्टी बदलली की ठेकाच मोडतो, तो यामुळे.

खरा प्रश्न ६० आणि ६१ यांच्या मधल्या जागेचा. आपले संगीत बरेचसे तिथेच राहते. मिडीमध्ये त्या जागेसाठी पिच बेंड नावाचा वेगळा संदेश आहे. त्याला १६,३८४ पायऱ्या आहेत, म्हणजे मींडेसाठी बारकाई भरपूर आहे. पण त्या पायऱ्या किती अंतरावर पसरायच्या हे वाजणारे वाद्य ठरवते. बहुतेक वाद्यांत मूळ मर्यादा वर-खाली दोन अर्धस्वरांची असते. समजा वादकाने ती बारावर नेऊन षड्जावरून शुद्ध मध्यमापर्यंत मींड घेतली. ती फाइल दोनच्या मर्यादेवर लावलेल्या वाद्यावर उघडली, तर मींड कोमल रिषभापर्यंतही पोहोचत नाही. पियानो रोलमध्ये मात्र सगळे जागच्या जागी दिसते. शिवाय हा संदेश संपूर्ण चॅनलला लागू होतो. तानपुरा त्याच चॅनलवर असेल तर मींडेबरोबर तोही सरकतो. म्हणून मींड घेणाऱ्या प्रत्येक आवाजाला स्वतंत्र चॅनल द्यावा. २०१८ मध्ये स्वीकारलेल्या एमपीई पद्धतीने हेच तत्त्व एकेका सुरापर्यंत नेले.

दोन सुरांमधल्या जागेचा हा वाद आपल्याकडे मिडीच्या आधीपासूनचा आहे. पेटीतले सूर ठरलेले, त्यांच्या मधली जागा तिला नाही, हा आक्षेप जुना. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर घातलेली बंदी १९७१ मध्ये सैल झाली. पण महाराष्ट्रातल्या पेटीवादकांनी बोटांच्या आणि भात्याच्या कौशल्याने त्या आक्षेपाला उत्तर दिले, आणि नाट्यसंगीत पेटीशिवाय उभेच राहिले नसते. मुद्दा वाद्याच्या प्रतिष्ठेचा नाही. पेटीवादकाला आपल्या वाद्याची मर्यादा ठाऊक असते आणि तो तिच्यावर मेहनत घेतो. सॉफ्टवेअर वापरणाऱ्याकडे तर मर्यादा ओलांडण्याचे साधनही असते. ते बहुतेक वेळा उघडलेच जात नाही.

सुरांच्या जागेनंतर प्रश्न येतो लयीचा. क्वांटाइझ हे बटण प्रत्येक सूर जवळच्या रेषेवर नेऊन बसवते. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत ठोक्याचे चार भाग केले, तर एखादा सूर ६२ मिलिसेकंदांपर्यंत सरकू शकतो. लयीच्या मागे रेंगाळून सम गाठण्यातली सारी मजा त्यात पुसली जाते. आधी मूळ ट्रॅकची प्रत ठेवावी, मग गरज असेल तिथेच आणि अर्ध्या प्रमाणात क्वांटाइझ करावे. मेट्रोनोमशिवाय वाजवलेले असेल तर सूर रेषांवर ओढण्यापेक्षा टेम्पो मॅप वादनाप्रमाणे आखावा.

ट्रॅक कापताना सस्टेन पेडलची नोंद तपासावी. पेडल दाबल्याचा संदेश राहिला आणि सोडल्याचा कापला गेला, तर सूर लांबतच राहतात.

फाइल दुसऱ्याकडे पाठवताना सोबत तीन गोष्टी अवश्य द्याव्यात: वापरलेल्या वाद्याचे नाव, पिच बेंडची मर्यादा आणि त्याच वादनाचे ध्वनिमुद्रण. पहिल्या दोन गोष्टींनी मींड पुन्हा जुळवता येते. ती बरोबर जुळली की नाही, हे ध्वनिमुद्रण ऐकूनच ठरवावे.