सिस्टर सिरिल आणि सियालदाहची शाळा
(महोत्सवी समारंभात केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी मी आपल्या संस्थेच्या इतिहासावर बोलावे, अशी चिटणिसांची इच्छा होती. परंतु त्या विषयाचे माझ्याहून अधिक जाणकार समोर बसले आहेत. शिवाय घरच्याच कार्यात घरच्यांनी घरच्यांचे कौतुक किती करावे, यालाही मर्यादा आहे. म्हणून त्यांच्या अनुमतीने मी एका ख्रिस्ती धर्मभगिनीचे चरित्र सांगावयाचे ठरविले. त्या मराठी नव्हत्या, आणि वडोदऱ्याला येऊन त्यांनी काही कार्य केले असेही नाही. पण शाळा चालविणाऱ्या आणि शाळांना मदत करणाऱ्या प्रत्येकाने ऐकावे असे त्या चरित्रात पुष्कळ आहे.

सिस्टर सिरिल मूनी यांचा जन्म 1936 साली आयर्लंडमधील ब्रे या गावी झाला. तरुणपणीच त्यांनी लोरेटो संघात दीक्षा घेतली, आणि 1956 साली, विशीच्या उंबरठ्यावर, त्या हिंदुस्थानात आल्या. त्या परत गेल्या नाहीत असेच म्हटले पाहिजे, कारण जून 2023 मध्ये त्यांचा अंत झाला तोही कोलकात्यातच. सदुसष्ट वर्षे या देशात! प्राणिशास्त्रात त्यांनी डॉक्टरेट मिळविली होती. विद्यापीठात मानाची जागा सहज मिळावी एवढी ही विद्वत्ता. पण बाईंनी ती शाळेतल्या मुलींसाठी वापरली.

त्यांच्या संघाची कथाही ऐकण्यासारखी आहे. मेरी वॉर्ड नावाच्या एका इंग्रज स्त्रीने सतराव्या शतकाच्या आरंभी तो स्थापन केला. संन्यासिनींनी मठाच्या भिंतीआड राहावे असा त्या काळचा दंडक होता. मेरीबाईंचे म्हणणे असे की, मुलींना शिकवावयाचे तर बाहेर पडले पाहिजे. फळ काय मिळाले? 1631 साली खुद्द पोपने संघ मोडीत काढला आणि बाईंना म्यूनिक येथील एका मठात कोंडून ठेवण्यात आले. पुढे याच परंपरेतील आयर्लंडच्या शाखेच्या भगिनी 1841 च्या अखेरीस कलकत्त्यास उतरल्या. मदर तेरेसा प्रथम याच संघात होत्या आणि एंटाली येथील शाळेत शिकवीत होत्या, हे आपणांपैकी अनेकांस ठाऊक असेल. 1948 साली त्या शाळा सोडून गरिबांच्या वस्तीत गेल्या. सिस्टर सिरिल यांनी शाळा सोडली नाही. त्यांनी वस्तीलाच शाळेत आणले. दोहोंत अधिक कठीण कोणते, याचा निवाडा मी करीत नाही; पण ज्यांनी आयुष्यभर मुख्याध्यापकी केली आहे ते दुसऱ्या वाटेची अडचण ओळखतील.

1979 साली सियालदाहच्या लोरेटो डे स्कूलची सूत्रे त्यांच्या हाती आली आणि 2011 पर्यंत ती त्यांच्याकडे राहिली. सियालदाह हे कलकत्त्याचे मोठे रेल्वे स्थानक. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी याच स्थानकाच्या फलाटांवर संसार थाटले होते. निर्वासित गेले, पण फलाटावर आणि पदपथावर वाढणारी मुले काही संपली नाहीत. आणि त्याच परिसरात ही नीटनेटकी इंग्रजी शाळा. सुमारे 790 विद्यार्थिनी, त्यांपैकी 90 गरीब. बाईंनी हे प्रमाण वाढवीत नेले, आणि नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस 1400 विद्यार्थिनींपैकी निम्म्या शुल्क न देणाऱ्या होत्या. गणवेश एक, बाक एक, वर्ग एक.

येथे थोडे विषयांतर करतो. खाजगी शाळांनी पहिल्या वर्गात पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांस द्याव्यात असा कायदा आपल्या देशात 2009 साली झाला. त्यावर केवढा गदारोळ उठला, किती शाळा न्यायालयात गेल्या! 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांस त्या कायद्यातून वगळले. म्हणजे लोरेटोसारख्या शाळेवर बंधन काहीच नव्हते. इतरांना जे पंचवीस टक्के जड वाटले, त्याच्या दुप्पट सियालदाहने कायद्याच्या कितीतरी आधी आपण होऊन केले होते.

पण निम्म्या जागा देऊनही रस्त्यावरचे मूल शाळेत येत नाही. त्याला कचरा वेचावयाचा असतो, धाकट्या भावंडाला सांभाळावयाचे असते. दहाव्या वर्षी त्याला अक्षरओळख नसते. पहिलीत बसवावे तर लाज वाटते, पाचवीत बसवावे तर काही कळत नाही. यावर बाईंनी 1985 साली जी योजना काढली तिचे नाव रेनबो, म्हणजे इंद्रधनुष्य. मुलाने वाटेल त्या वेळी यावे आणि वाटेल तेव्हा जावे. तास नाही, घंटा नाही. मूल आले की पाचवी ते दहावीतील एखादी विद्यार्थिनी त्याच्याजवळ बसे आणि त्याला जेथवर येत असेल तेथून पुढे शिकवी. एका मुलास एक शिक्षिका! कोणत्या श्रीमंत शाळेला हे परवडेल? परंतु अभ्यासक्रमात कार्यशिक्षण नावाचा विषय होताच. इतर शाळांत त्या तासाला रुमालावर फुले भरीत; येथे मुली पाळीपाळीने शिकवीत. मूल पुरेसे तयार झाले की त्याला त्याच्या वयास योग्य अशा वर्गात, बहुधा एखाद्या बंगाली शाळेत, घालीत. ज्या मुलींना रात्री निवारा नव्हता त्यांना पुढे शाळेतच राहण्याची सोय झाली. दिवसा जी शाळा, तीच रात्री घर.

शिकविणाऱ्या मुलींचे नुकसान झाले नाही का, असे कोणीही पालक विचारील. प्रश्न योग्य आहे, आणि त्याला हसून उत्तर देणे बरे नव्हे. मी शिक्षक म्हणून एवढेच सांगतो की, अपूर्णांक जिला दुसऱ्याला समजावून द्यावा लागतो, तिला तो जन्मभर विसरत नाही.

दर गुरुवारी सुमारे दीडशे मुली शहराबाहेरच्या खेड्यांतील शाळांत शिकवावयास जात. शेजारच्या घरांतून मोलकरीण म्हणून राबणाऱ्या लहान मुली हुडकून त्यांच्याशी मैत्री करणे, हेही काम विद्यार्थिनींनीच केले. कारण मोठे माणूस दारात दिसले की मालकीण सावध होते, मुलगी दिसली की तेवढी होत नाही. वीटभट्ट्यांवर हंगामापुरत्या येणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी भट्टीच्या जागीच वर्ग निघाले. पदवी नसलेल्या हजारो तरुण-तरुणींना शिकविण्याची तालीम देण्यात आली. 1994 साली युनेस्कोचे नोमा साक्षरता पारितोषिक आणि 2007 साली पद्मश्री हे सन्मान त्यांना मिळाले, ते यासाठी.

आपल्याकडे अशी माणसे झाली नाहीत असे कोणी समजू नये. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाईंबरोबर काम करून ठाणे जिल्ह्यात बोर्डीस गेल्या. तेथे आणि पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांच्या अंगणात शाळा नेली. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा कुरणातच शाळा भरविली. ज्या संस्थानाने 1906 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, त्याच्या राजधानीत आपण बसलो आहोत, हेही विसरून चालणार नाही.

आता थोडे आपल्याविषयी. आपण दरवर्षी शिष्यवृत्त्या देतो, वह्या वाटतो. चांगले आहे. पण वही घेणारा मुलगा व्यासपीठावर चढतो, नमस्कार करतो, छायाचित्र होते, आणि तो खाली उतरला की पुढल्या वर्षापर्यंत आपला त्याचा संबंध राहत नाही. शहरात जिकडेतिकडे इमारती उठत आहेत. दाहोद आणि पंचमहालातून आलेले मजूर आपली मुले घेऊन त्या बांधकामांवर राहतात. आपले सभागृह लग्नकार्ये आणि उत्सव सोडले तर आठवड्याचे चार-पाच दिवस बंद असते. आपल्याच घरांतील आठवी-नववीची मुले-मुली सुट्टीच्या दिवशी काय करतात, ते पालकांना विचारा.

मला ठाऊक आहे, आपल्या घटनेत मराठी समाजासाठी असे शब्द आहेत, आणि दाहोदचा मुलगा मराठी नाही. वकील मंडळी विश्वस्तांत आहेत, त्यांनी तो भाग पाहावा. पण शिकविणारी मुले तर आपलीच असतील! त्यांच्या शिक्षणासाठी खोली उघडली, असे घटनेच्या भाषेत म्हणता येणार नाही का? सिस्टर सिरिल यांनी ‘कार्यशिक्षण’ या रुक्ष शब्दाचा जो उपयोग केला, तोच आपणही करू.

मोठी योजना मी मांडीत नाही. मागची लहान खोली, शनिवार आणि रविवार, दुपारी तीन ते पाच. आरंभी दहा मुले. पाट्या आणि खडू यांचा खर्च कोषाध्यक्षांना जाणवणारही नाही. दोन्ही दिवस मी स्वतः येईन, आणि आमच्या सोसायटीतील चार मुली येण्यास तयार आहेत. त्यांच्या आयांना मी विचारून ठेवले आहे. खोलीची किल्ली कोणाकडे असते, तेवढे विश्वस्तांनी मला आज भोजनापूर्वी सांगावे.