मका आला, चुना राहिला

(पावसाळी व्याख्यानमाला, पुष्प तिसरे)



पत्रिकेवर विषय छापलाय, ‘मका : फायदे आणि तोटे’. फायद्यांची यादी तुम्हाला पाठ आहे. तंतुमय भाग भरपूर, ग्लुटेन नाही, पिवळ्या दाण्यात डोळ्यांच्या पडद्याला लागणारी ल्युटिन आणि झियाझँथिन ही द्रव्यं. शंभर ग्रॅम कोवळ्या उकडलेल्या मक्यात साधारण ९५ कॅलरी आणि तीन-साडेतीन ग्रॅम प्रथिनं. हे सगळं खरं आहे आणि ते मी इथेच सोडतो.

(दुसऱ्या रांगेतून : ‘डॉक्टर, आम्ही भाजलेलं कणीस खाऊनच आलोय, आता काय करायचं?’ हशा.)

उत्तम केलंत! लिंबू चोळलं होतं ना? मग फारच उत्तम. मला आज बोलायचंय ते भाकरीच्या मक्याबद्दल. ज्या घरात सकाळ-संध्याकाळ तेच धान्य शिजतं आणि सोबत दूध नाही, डाळ नाही, अंडं नाही, त्या घरातल्या मक्याबद्दल. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मक्याच्या नावावर जी दुखणी जमा आहेत, त्यांतलं सर्वांत मोठं दुखणं मक्याचं नाही, एक रीत मागे राहिल्याचं आहे.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी, ज्वारीच्या पट्ट्यातल्या एका गावी, एक शेतमजूर आला. गळ्याभोवती काळसर, सोललेल्या कातडीचा पट्टा. हातांच्या पाठीवर तसंच. पोट बिघडलेलं, आणि त्याची बायको म्हणाली, ‘हल्ली एकटेच बसून रडतात.’ मी उन्हाने कातडी जळली असं ठरवलं, मलम दिलं. तो दोनदा परत आला, दोनदा मी मलमच दिलं. शेवटी आमच्या सिस्टरबाई त्याला म्हणाल्या, ‘दादा, जेवता काय?’ भाकरी, मीठ, मिरची. वर्षभर तेच. हा प्रश्न मी विचारायला हवा होता. त्याला नायसिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू केल्या, आणि तो आठवडाभरात माणसात आला. तो आजार पेलाग्रा. पुस्तकात तो मक्याच्या देशांतला म्हणून दिलेला, आणि माझ्यासमोर ज्वारी खाणारा माणूस. तेव्हापासून मी मक्याच्या मागे लागलो, तो आजतागायत.

मका मूळचा दक्षिण मेक्सिकोतला. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी टिओसिंटे नावाच्या रानगवतातून तो घडवला. तिथल्या बायका भाकरीसाठी वाळलेला मका नुसता दळत नाहीत. चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर त्याच पाण्यात ठेवतात, सकाळी चोळून धुतात, साल निघून जाते, आणि मग ओला दाणा वाटतात. त्याला तिथल्या नावाट्ल भाषेत निक्स्तामाल म्हणतात. त्यातला ‘नेक्स्तली’ म्हणजे राख. चुना नसेल तिथे राखेचं पाणी. मक्यात नायसिन असतंच, पण ते असं जखडलेलं असतं की आपल्या आतड्याला सुटत नाही. चुना ते सोडवतो. वर कॅल्शियम मिळतं ते वेगळं. हे रसायन कुणी तिथे लिहून ठेवलेलं नव्हतं. घराघरात आईकडून लेकीकडे ते गेलं.

कोलंबसाच्या पाठोपाठ मका युरोपात गेला. पेरायला सोपा, पीक भरघोस, गरिबाला परवडणारा. जहाजातून दाणे गेले, ती बाई आणि तिचं चुन्याचं भांडं गेलं नाही. १७३५ साली स्पेनमधल्या आस्तुरियासमध्ये गास्पार कासाल नावाच्या वैद्याने गरीब शेतकऱ्यांच्या गळ्याभोवतीचा तोच पट्टा नोंदवला. आजही पुस्तकात त्याला ‘कासालचा हार’ म्हणतात. १७७१ मध्ये मिलानच्या फ्रापोल्ली या वैद्याने ‘पेलाग्रा’, म्हणजे खरखरीत कातडी, हे नाव छापलं. आणि शतकभर भांडण चाललं : मका सडका होता का, हवा वाईट होती का, माणसं घाणेरडी होती का?

इथे मला जोसेफ गोल्डबर्गर यांच्याविषयी दोन मिनिटं बोलू द्या. तेव्हाच्या हंगेरीत जन्मलेला, न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत वाढलेला हा डॉक्टर. १९१४ मध्ये अमेरिकी सरकारने त्यांना दक्षिणेकडच्या राज्यांत पाठवलं. बहुतेक मोठे डॉक्टर म्हणत होते, हा संसर्ग आहे. गोल्डबर्गर वेड्यांच्या इस्पितळात गेले, अनाथाश्रमात गेले, आणि एकच गोष्ट पाहिली. आजार रुग्णांना होतो, त्यांना भरवणाऱ्या नोकरांना होत नाही. जंतू असा माणसं निवडून कसा धरेल? मग त्यांनी ताटं पाहिली. मक्याचं पीठ, काकवी, डुकराची चरबी. मिसिसिपीतल्या जॅक्सनच्या दोन अनाथाश्रमांत त्यांनी मुलांना दूध, अंडी, मांस सुरू केलं आणि आजार ओसरला. तरी कुणी मानेना. १९१५ मध्ये मिसिसिपीच्या तुरुंगशेतीवर, शिक्षामाफीच्या बदल्यात तयार झालेल्या कैद्यांना तसाच निकस आहार दिला. अकरांपैकी सहा जणांना पेलाग्राची लक्षणं दिसली. माणसांवरचा तो प्रयोग आज कुणी मान्य करणार नाही, मीही करणार नाही. पण पुढचं ऐका. तरीही लोक संसर्गच म्हणत राहिले, तेव्हा १९१६ मध्ये गोल्डबर्गर यांनी रुग्णांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. रुग्णांच्या खपल्या, लघवी, विष्ठा पिठात कालवून गोळ्या केल्या आणि त्या गिळल्या. (सभागृहात कुजबुज.) सहकाऱ्यांनी गिळल्या. त्यांच्या पत्नी मेरी पुढे आल्या. त्यांना गोळी घेऊ दिली नाही, तर त्यांनी रक्त टोचून घेतलं. कुणालाही पेलाग्रा झाला नाही. १९२९ मध्ये गोल्डबर्गर वारले, तेव्हाही त्या आहारात नेमकं काय कमी होतं ते द्रव्य सापडलेलं नव्हतं. ते १९३७ मध्ये संशोधक एल्वेहम यांनी दाखवलं : नायसिन. म्हणजे मेक्सिकोतली बाई चुन्याने रोज मोकळं करत होती तेच.

कार्यवाहांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. मी गोल्डबर्गरांना जास्त वेळ दिला, आणि पुन्हा बोलायला मिळालं तरी तेवढाच देईन.

(टाळ्या.)

आता ज्वारी. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतल्या डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये दख्खनमधल्या ज्वारी खाणाऱ्यांचा पेलाग्रा मांडला. ज्वारीत आणि मक्यातही ल्युसिन हे अमिनो आम्ल जास्त असतं, त्याने शरीराचं नायसिन बनवण्याचं काम बिघडतं, असं त्यांचं म्हणणं. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले.

(एक श्रोते : ‘आमच्या आज्या ज्वारी खाऊन नव्वद वर्षं जगल्या!’)

जगल्या, आजोबा, आणि माझीही जगली. तिच्या भाकरीशेजारी पिठलं होतं, ताक होतं, शेंगदाण्याची चटणी होती. मी ज्वारीला बोल लावत नाही. माझ्या त्या मजुराच्या ताटात शेंगदाणा नव्हता, एवढंच म्हणतो. मक्याच्या प्रथिनात लायसिन आणि ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्लं कमी, ते डाळीने आणि ताकाने बऱ्याच अंशी भरून निघतं. सुरिंदर वसल आणि एव्हान्हेलिना व्हिएगास यांनी जास्त लायसिन-ट्रिप्टोफॅनचा मका तयार केला. त्यांना २००० सालचा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तो मका आपल्या आदिवासी भागात पोचायला हवा, हे मी हात जोडून सांगतो.

एका तोट्यासमोर मात्र माझा चुना हरतो. १९७४ मध्ये गुजरातच्या पंचमहालात आणि राजस्थानच्या बांसवाड्यात अवकाळी पावसात मका भिजला, त्यावर बुरशी आली. घरात दुसरं धान्य नव्हतं, म्हणून लोकांनी तोच खाल्ला. बुरशीच्या अफ्लाटॉक्सिन या विषाने यकृत गेलं, कावीळ झाली, पोटात पाणी भरलं, शंभरावर माणसं गेली. कुत्रीही मेली. चुन्याने हे विष काही प्रमाणात कमी होतं, पण त्या भरवशावर कुणी बुरसटलेला मका खाऊ नये. तो जनावरालाही घालू नये. मका नीट वाळवून, ओल न लागता ठेवायचा, आणि त्यासाठी शेतकऱ्याच्या दारात कोरडी जागा हवी.

मधुमेहाबद्दल कुणी चिठ्ठी पाठवलीय. अख्खा दाणा, मोजून, भाकरी किंवा भाताच्या ऐवजी. त्यांच्या जोडीला नव्हे. कॉर्नफ्लेक्स हा अख्खा दाणा नाही, तो साखर झपाट्याने वाढवतो.

घंटा झाली. कृती सांगतो, लिहून घ्या. एक किलो वाळलेला मका, तीन लिटर पाणी, दहा ग्रॅम खायचा चुना; पानवाल्याकडचा साधा, वास-रंग नसलेला. भांडं स्टीलचं घ्या, अॅल्युमिनियमचं नको, चुना ते खातो. पाऊण तास उकळा, रात्रभर झाकून ठेवा, सकाळी साल निघेपर्यंत चोळून तीन-चार पाण्यांनी धुवा आणि ओलाच वाटा. नुसत्या मक्याच्या पिठाची भाकरी थापताना कडा कशा फाटतात ते तुम्हाला ठाऊक आहे. मागच्या टेबलावर सौभाग्यवतींनी आज पहाटे याच रीतीने केलेल्या चाळीस भाकऱ्या ठेवल्यात, शेजारी ठेचा आणि ताक. जाताना उचलून कडा बघा.