वरचा थर आणि खालचा गाळ



चैत्र लागला की आपल्याकडची तळी आटू लागतात. पाणी मध्यापुरते उरते, मासा तेथे गोळा होतो आणि माणूस त्याच्यामागे उतरतो. कडेची काळी माती वाळून भेगाळलेली असते. पायाला टणक लागते. पण थोडे पुढे गेले की तोच थर पापडासारखा मोडतो आणि माणूस मांडीपर्यंत गाळात रुततो.

तरुणपणी माझा एक सोबती असा रुतला. आम्ही मजूर; हंगाम संपलेला, रोजी बंद. "काठी टोचून चला रे," असे एक म्हातारे भोईकाका म्हणाले, तेव्हा आम्ही हसलो. पुढे दोर टाकून त्याला काढले, तेही त्याच काकांनी.

शाळा लवकर सुटली, पण वाचनालय सुटले नाही. तेथे थंड देशांतील मच्छिमारांची हकीकत वाचली. गोठलेल्या तळ्याला भोक पाडून ते गळ टाकतात. पाणी चार अंशांवर सर्वांत जड होऊन तळाशी जाते. म्हणून बर्फ वर धरतो आणि मासे खाली जगतात. त्यांचा नियम असा की, एकट्या माणसाला निदान 4 इंच जाडीचा पारदर्शक बर्फ हवा. पांढरा असेल तर दुप्पट. झरा आणि ओहोळाचे तोंड टाळावे. जाडी सर्वत्र सारखी नसते, म्हणून जागोजाग पहार मारून पाहावी. आपल्या लडाखात झंस्कार नदी गोठते, तिला 'चादर' म्हणतात. तेथील वाटाडेही काठी आपटून आवाज ऐकतात.

म्हणजे भोईकाकांचेच शास्त्र! आपल्या गाळाला इंचांचा नियम नाही. काठी सहज आत गेली की मागे फिरावे. गाळ उपसलेल्या जागचे खड्डे विसरू नयेत. रुतलात तर धडपडू नका. मागे रेलून अंग पसरा, एकेक पाय हळूहळू सोडवा. मदत करणाऱ्याने आत न धावता दोर किंवा फळी द्यावी.

मित्रहो, आम्ही अडाणी म्हणून हसलो नव्हतो. पोटाला घाई होती म्हणून हसलो. पुढे संघटनेच्या कामात हेच जागोजाग पाहिले. "काही होत नाही, जा पुढे," असे म्हणणारा बहुधा स्वतः काठावर उभा असतो. म्हणून आधी काठी टोचणाऱ्याला भित्रा म्हणू नका, आणि त्याला एकटा पाडू नका.