सभा भरते, कीं सह्या भरतात ?

(वणी येथें सोसायट्यांच्या सभासदांपुढें केलेलें भाषण)



पोळा झाला कीं आपल्याकडे सोसायट्यांच्या सभांचे दिवस येतात. ३१ मार्चला हिशेबाचें वर्ष संपतें. त्यापुढें सहा महिन्यांच्या आंत वार्षिक साधारण सभा घ्यावी, असें १९६० च्या सहकार कायद्याचें ७५ वें कलम सांगतें. कापूस तेव्हां वेचणीस आलेला नसतो, म्हणून वेळ नाहीं ही सबब चालावयाची नाहीं. पण होतें काय ? शिपाई रजिस्टर घेऊन बांधावर येतो, "काका, येथें सही करा" म्हणतो, आणि आपण निंदणाचे हात पुसून सही करतों. कागदावर गणसंख्या पुरी होते, ताळेबंद "सर्वानुमतें" मंजूर होतो, आणि बुडीत कर्ज कोणाचें हें विचारावयास कोणी उरत नाहीं.

पूर्वीं कुळकर्णी लिही आणि आपला आजा आंगठा उठवी. जोतीरावांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज काढला तो असल्या आंधळेपणाविरुद्धच. आज दप्तर लिहिणारा आपलाच सोयरा आहे. म्हणून न वाचतां केलेली सही डोळस होते काय? कुळकर्ण्याच्या जागीं पाटील बसला, एवढ्यानें राज्य कास्तकाराचें झालें असें मानणारे भोळे होत.

कलम २७ नीट ऐका. भाग शंभर असोत कीं एक, मत एकच. आणि तें स्वतः येऊन द्यावयाचें, दुसऱ्याकरवीं नाहीं. विलायतेंत रॉचडेल येथें १८४४ सालीं विणकर व इतर कारागिरांनीं दुकान काढलें, त्यांचाही नेम हाच होता. आमच्या घरांतून मात्र बाईच्या नांवें भाग असतो आणि सभेंत बसतो नवरा ! जी सभासद आहे तिनेंच यावें. चूल एक दिवस नवऱ्यानें सांभाळावी.

कलम ३२ प्रमाणें उपविधि, मागील तपासलेला ताळेबंद, सभांचें इतिवृत्त व आपल्या खात्याचीं पानें कचेरीच्या वेळांत फुकट पाहतां येतात. हें सभेच्या आधींच करावें. सभेंत ताळेबंद भरभर वाचतात, तो कोणास समजतो? ठराव पटला नाहीं तर "माझा विरोध नांवानिशीं लिहा" म्हणावें, आणि लिहिलेलें वाचून घ्यावें.

पंच सभाच बोलावीत नसतील, तर कलम ७६ आहे. एक पंचमांश सभासदांनीं, किंवा उपविधींत त्याहून कमी संख्या असेल तर तितक्यांनीं, लेखी मागणी केली कीं महिन्याच्या आंत विशेष सभा बोलावलीच पाहिजे. मागणीची पोंच मात्र तारखेसह घ्या. आणि जुनें रजिस्टर चाळतांना आपण न केलेली सही आपल्या नांवापुढें दिसली, तर घरीं न जातां सरळ सहाय्यक निबंधकाकडे लेखी अर्ज द्यावा.