नुसत्या पाण्यानं विष निघत नाही
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावावर पुढचे वक्ते बोलतीलच. आम्ही फवारणीवर बोलणार आहोत. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. मग सगळे म्हणाले, शेतकऱ्यानं काळजी घ्यायला हवी होती. काळजी म्हणजे नेमकं काय? आम्ही कृषी पदवीधरांनी पंपाला किती औषध ते तुम्हाला सांगितलं. ते अंगात कसं शिरतं, हे सांगायचं राहिलं. ते आज सांगतो.

ज्वारीच्या धांड्यावर बोट फिरवलं की पांढरी भुकटी लागते. ते मेण आहे. त्यावर पाणी थांबत नाही, थेंब होऊन ओघळतं. उलट बादलीत युरिया टाकला की तो विरघळतो आणि बादली गार पडते. पाणी तेच, मग फरक कशाचा?

पाण्याच्या कणाची एक बाजू थोडी ऋण, दुसरी थोडी धन. त्यामुळे हे कण एकमेकांना धरून असतात. मीठ, साखर, युरिया यांच्या कणांतही अशा बाजू आहेत, म्हणून पाणी त्यांना आपल्यात घेतं. तेला-मेणाला त्या जवळपास नाहीत. पाणी तेलाशी वैर करत नाही. ते आपसातली धरपकड सोडत नाही, म्हणून तेल वेगळं पडतं.

आता औषधाची बाटली बघा. 'ईसी' लिहिलं असेल तर विष तेलकट द्रावकात आहे आणि सोबत साबणासारखा पदार्थ आहे. म्हणून ते पाण्यात ओतलं की दुधासारखं दिसतं. ते विरघळलेलं नसतं, बारीक थेंबांनी पसरलेलं असतं. आपल्या कातडीचा वरचा थरही तेलकट. पाणी तिथं सहज शिरत नाही, तेलात मुरणारं विष शिरतं. पंप पाठीवर गळतो, डोक्याएवढ्या पऱ्हाटीतून चालताना कपडे भिजतात, आणि आपण दिवसभर तसेच. संध्याकाळी अंगावर नुसतं पाणी घेतलं तर पाणी ओघळतं, विष बरंचसं राहतं.

साबणाचं एक टोक तेल धरतं, दुसरं पाणी. तो विषाला कातडीवरून सोडवतो. म्हणून औषध अंगावर सांडलं तर कपडे तिथंच काढा आणि साबण लावून भरपूर पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा. रॉकेल किंवा तेल चोळू नका, विष आणखी आत जाईल. डोळ्यात गेलं तर साबण नको, फक्त स्वच्छ पाणी. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नका. धुणाऱ्या माउलीच्या हातालाही तेच विष लागतं. चक्कर, मळमळ, लाळ, अंधारी आली तर बाटली सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा.

पाण्यात विरघळणारं औषध मात्र निरुपद्रवी समजू नका. मोनोक्रोटोफॉस पाण्यात विरघळतं, तरी कातडीतून जातं.

सरकारकडे आणि कंपन्यांकडे आमची मागणी साधी आहे: ही माहिती बाटलीवर मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरात छापा. पण मागणी मान्य होईपर्यंत मजुराला ताटकळत ठेवू नका. ज्याच्या शेतात फवारणी, त्याच्या बांधावर साबणाची वडी आणि पाण्याच्या दोन घागरी आधी पोचल्या पाहिजेत. गावोगावच्या शाखांनी एवढं या हंगामापासून सुरू करावं.